पन्नास मीटर पुढे गेल्यावर

रस्त्याच्या कडेला कुणी सायकल उलटी करून किंवा चाक हातात घेऊन उभं दिसलं, की जाता जाता विचारायचं असतं, "सगळं ठीक?" रोड सायकलिंग करणाऱ्यांच्या हाडीमासी हे इतकं मुरलेलं आहे की शब्द आपसूक तोंडातून निघतात. उत्तरही ठरलेलं. समोरचा हात वर करतो आणि म्हणतो, "ठीक, ठीक!" या देवघेवीला दोन सेकंद लागतात आणि दोघंही सभ्य ठरतात.

एकदा एका मुलानं "नाही" म्हटलं.

तोवर मी पन्नासेक मीटर पुढे निघून गेले होते. विचारताना मी पेडल मारणं थांबवलंच नव्हतं, हे मला त्या "नाही"मुळे कळलं. इतकी वर्षं हा प्रश्न मी अशा सुरात विचारत आले होते की "ठीक" सोडून दुसरं काही म्हणायला समोरच्याला जागाच नसायची. ब्रेक दाबताना पहिला विचार आला तो त्याच्या पंक्चरचा नव्हता. आज सरासरी वेग किती छान लागला होता, हा होता. सांगायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

मी सायकल वळवली. त्या मुलाला मात्र जरा वेळ तिथंच उभा ठेवते, कारण त्या पन्नास मीटरांत जे डोक्यात सुरू झालं ते बरंच मागं जाणारं आहे.

सायकलिंगच्या रीतीभाती मी शिकले एका सायकल-गटात. पहिल्या राइडला मी सगळ्यांच्या मागं होते आणि पुढच्यांचे हात सारखे पाठीमागं का जातायत ते मला समजत नव्हतं. कुणी बोट खाली करून रस्त्याकडे दाखवत होतं, कुणी कंबरेमागं तळहात हलवत होतं, कुणी कोपर किंचित बाहेर झटकत होतं. पहिल्याचा अर्थ खड्डा. दुसऱ्याचा अर्थ पुढे कडेला काही उभं आहे, आत सरका. तिसऱ्याचा अर्थ माझी पाळी झाली, आता तू पुढे ये. हे कुणी मला बसवून शिकवलं नाही. पहिला खड्डा चुकला तेव्हा पहिलं बोट कळलं.

दुसऱ्या की तिसऱ्या राइडला मी चुकले. मला तहान लागली, बाटली काढायची होती, म्हणून मी ब्रेक दाबला. रस्त्यावर एकटं असताना जसा दाबतो तसाच. मागच्या माणसानं माझ्या चाकाला चाक लागू नये म्हणून सायकल सरळ गवतात घातली. पडला नाही, कसाबसा सावरला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. कुणी काही बोललं नाही. गटातले सगळ्यात जुने सायकलस्वार, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणत, ते पुढून मागं सरकत माझ्या शेजारी आले आणि उरलेली सगळी राइड तिथंच राहिले. अर्ध्या तासानं एवढंच म्हणाले, "तुझ्या मागं जो आहे ना, त्याला रस्ता दिसत नाही. तुझी पाठ दिसते."

या एका वाक्यात अर्धा शिष्टाचार आला. चाकामागं चाक लावून चालणारा माणूस हवेचा मार वाचवतो, आणि बदल्यात स्वतःचे डोळे पुढच्याला देऊन टाकतो. 2018 साली बर्ट ब्लोकेन या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 121 सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीत एकत्र चालणाऱ्या घोळक्याचा, संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास केला. एवढ्या मोठ्या थव्याच्या मधल्या-मागच्या भागात बसलेल्याला एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत हवेचा जेमतेम 5 ते 10 टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यांना दिसलं. आपल्यासारख्या सहा-आठ जणांच्या रांगेत एवढं घबाड मिळत नाही, पण जे मिळतं ते पाय लगेच ओळखतात. त्याची किंमत अशी की पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांच्यात वितभर अंतर उरतं. चाकं एकमेकांशेजारी आली आणि घासली, तर जवळजवळ नेहमीच मागचा पडतो, कारण त्याचं पुढचं चाक, म्हणजे सायकल सावरण्याचं साधनच अडकतं. पुढच्याला बहुधा फक्त आवाज येतो. म्हणून सरळ रेष सोडू नका, अचानक ब्रेक मारू नका, उभं राहून पेडल मारायला लागाल तेव्हा सायकल मागं ढकलली जाऊ देऊ नका. हे सगळे नियम मागच्याच्या दातांची काळजी घेणारे आहेत.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि फार आवडली. मागं कुणी असलं तर पुढच्यालाही थोडा फायदा होतो, दोन-तीन टक्क्यांचा. त्याच्या पाठीमागं हवेचा जो पोकळ ओढा तयार होतो, तो मागच्यामुळे थोडा भरून निघतो. पुढे राहून वारा खाणाऱ्याला हे जाणवत नाही. तो आपला मनात म्हणत असतो, हे सगळे माझ्या जिवावर चाललेत.

तसं मनात म्हणणाऱ्यांत मीही होते. त्यातूनच मला अर्धं चाक पुढे काढायची खोड लागली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चाललेत. एकाचं हँडल दुसऱ्याच्या किंचित पुढे आहे. दुसरा बरोबरीला येतो. पहिला पुन्हा अर्धं चाक पुढे जातो. वेग वाढत राहतो, कुणी काही बोलत नाही, आणि निवांत ठरलेली राइड वीस मिनिटांत मुकी शर्यत होऊन बसते. ज्याचं चाक पुढे असतं त्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मी वेग वाढवलाच नाही. मलाही खरंच तसं वाटायचं. माझी एक मैत्रीण माझ्याबरोबर यायची हळूहळू बंद झाली आणि कारण विचारल्यावर म्हणाली, "तुझ्याबरोबर बोलता येत नाही." मी किती गप्प असते, अशा अर्थानं मी ते घेतलं. तिला धाप लागायची म्हणून बोलता येत नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

आता दुसऱ्या जातीच्या नियमांकडे येते. ते कुणाच्या दातांशी संबंधित नाहीत. मोजे किती उंच असावेत, चष्म्याच्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या आत की बाहेर, पायांवर केस असावेत की नसावेत, सायकलचा फोटो काढताना चेन कोणत्या गिअरवर असावी. यातल्या मोज्यांच्या बाबतीत तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा खराखुरा नियम आहे. घोटा आणि गुडघ्याखालच्या हाडाचं टोक यांच्या मधोमध जी जागा येते, तिच्यावर मोजा जाता कामा नये. शर्यतीत याला हवेच्या विरोधाचं कारण तरी आहे. रविवारी सकाळी तीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांकडे बघून नाक मुरडायला काय कारण आहे, ते मात्र मला सांगता येणार नाही. मी मुरडलेलं आहे, एवढं सांगू शकते.

त्या काळात माझ्याकडे नवी कार्बनची सायकल होती आणि मी हात उंचावण्याचा हिशेब ठेवत असे. समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला हात करायचा, निदान हँडलवरची चार बोटं उचलायची किंवा मान हलवायची, ही जुनी रीत. माझ्या मनात पायऱ्या होत्या. जर्सी, खांदेपट्ट्यांची बिब शॉर्ट्स, पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट असं सगळं असलेल्याला हात. हायब्रिडवाल्याला, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल असलेल्याला, मान. सपाट पेडलवर पँटचा पाय मोज्यात खोचून कामावर निघालेल्या माणसाला काहीच नाही, कारण तो "सायकलिस्ट" नव्हता, नुसता सायकलवर होता. तो रोज, पावसातसुद्धा, माझ्याहून जास्त किलोमीटर करत असणार, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि त्यामुळेच बहुधा मान वळवाविशी वाटत होती.

यात नवं काही नाही. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या यंत्रणेच्या पक्के विरोधात होते. डिरेलर म्हणजे कमकुवत लोकांची सोय, खऱ्या खेळाडूनं एका गिअरवर डोंगर चढावा, असा त्यांचा बाणा. त्यांच्या हातून सूत्रं सुटल्यावर, 1937 साली, टूरमधल्या सर्वांना डिरेलर वापरायची मुभा मिळाली. आज बावीस-चोवीस गिअर असलेल्या, बटणावर चेन हलवणाऱ्या सायकलीवर बसून आपण इलेक्ट्रिक सायकलवाल्याला "ही काय सायकल झाली?" म्हणतो. मला चढावर अशाच एका सायकलनं मागं टाकलं होतं. वर बसलेल्या बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी मला छान हात केला. मला धाप लागली होती, या सबबीवर मी तो परत केला नाही.

आणि मागं टाकण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकते. बाईनं ओव्हरटेक केलं की काही पुरुषांच्या पायांत जे बळ संचारतं, त्यावर कुणीतरी वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास करायला हवा. तोवर निवांत चाललेला माणूस उभा राहून पेडल मारू लागतो, धापा टाकत पुढे जातो, माझ्या बरोब्बर समोर येऊन रेषेत बसतो आणि मग दमून मंदावतो. आता मला ब्रेक दाबावा लागतो. पुन्हा पुढे गेले तर हाच खेळ पहिल्यापासून. मी बऱ्याचदा थांबून पाणी पिते आणि त्याला क्षितिजापर्यंत जाऊ देते. दुसरा प्रकार न विचारता चाकाला चिकटणाऱ्यांचा. अनोळखी माणसाचं चाक धरण्याआधी विचारायचं असतं, निदान मागं असल्याचा आवाज तरी द्यायचा असतं. निर्जन रस्त्यावर दहा मिनिटांनी अचानक कळतं की पाठीमागं वितभर अंतरावर कुणीतरी श्वास घेतंय, तेव्हा अंगावर काटा येतो. त्याला मात्र यात फक्त हवेचा विरोध कमी झालेला दिसत असतो. मीही इतरांच्या चाकाला तशी चिकटलेली आहे. त्यांच्या पाठीला काय वाटलं असेल, हा विचार स्वतःच्या पाठीवर आल्याशिवाय सुचला नव्हता.

शर्यतीतल्या सभ्यतेचे किस्से सायकलवाल्यांना तोंडपाठ असतात आणि आम्ही ते स्वतःचेच असल्यासारखे सांगतो. 2022 च्या टूरमध्ये स्पांदेल घाटाच्या उतारावर तादेय पोगाचार हा स्पर्धक पडला. एकूण आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी अंगावर असलेल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यानं, विंगेगोरनं, हल्ला न करता वेग कमी केला आणि त्याची वाट पाहिली. पोगाचारनं बरोबरीला येऊन हात पुढे केला, दोघांनी चालत्या सायकलींवरून हातात हात दिला, आणि नंतर ओताकामला टप्पा विंगेगोरनंच जिंकला. याच्या उलट 2010. पोर्त द बालेसच्या चढावर अँडी श्लेकची चेन पडली. पिवळी जर्सी त्याच्याकडे होती, आघाडी 31 सेकंदांची. त्याचा प्रतिस्पर्धी कोन्तादोर थांबला नाही. त्या दिवशी त्यानं 39 सेकंद मिळवले आणि जर्सी घेतली. पॅरिसमध्ये दोघांतला अंतिम फरकही नेमका 39 सेकंदांचाच निघाला. त्याच संध्याकाळी कोन्तादोरनं माफी मागितली होती. पुढे उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात 2012 साली त्याचं ते विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि श्लेकला दिलं गेलं, पण माझ्या ओळखीचे लोक चर्चा करतात ती चेनचीच. ज्या नियमाचं पुस्तकच नाही तो मोडल्याचा राग लोक जास्त दिवस धरतात की काय, कोण जाणे.

मला या किश्शांपेक्षा जुना एक आठवतो. 1913 च्या टूरमध्ये तूर्माले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. बाहेरची मदत घ्यायला तेव्हा बंदी होती. तो सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावातल्या लोहाराकडे गेला आणि स्वतःच्या हातानं फोर्क सांधला. अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भट्टीचा भाता मात्र एका लहान मुलानं चालवला, आणि एवढ्या मदतीबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. 1911 मध्ये याच देग्रांज यांनी मोरीस ब्रोको नावाच्या स्पर्धकाला दुसऱ्याला मदत करतो म्हणून "दोमेस्तीक", म्हणजे घरगडी, असं हिणवलं होतं. ब्रोकोनं दुसऱ्या दिवशी चिडून टप्पाच जिंकून दाखवला. आज प्रत्येक संघात दोमेस्तीक असतात, आपल्या नायकासाठी वारा खातात, वेळ आली तर स्वतःचं चाक काढून देतात, आणि तो शब्द अभिमानानं उच्चारतात.

म्हणजे मदत करणं ही आमची सनातन संस्कृती वगैरे काही नव्हती. ती मागाहून, शिव्या खात आलेली आहे. हे कळल्यापासून मला जरा हायसं वाटतं.

एक गोष्ट मात्र अजून आलेली नाही. गाडी कोपराजवळून सणसणत गेली की आम्ही ओरडतो, दीड मीटर अंतर ठेवा म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण चालायला निघालेल्या आजोबांच्या कोपराजवळून आम्ही तितक्याच सणसणत जातो. माझ्या सायकलला घंटी नव्हती. का, तर वजन. यूसीआयच्या नियमानं शर्यतीची सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी असू नये. माझी आठच्या वर होती, आणि मी तिला चाळीस ग्रॅमच्या घंटीपासून वाचवत होते.

तर तो मुलगा. वीस-बावीसचा असेल. सगळं नवं कोरं, चाकांची रिम खोल, पन्नास मिलिमीटरची. मी माझी जादा ट्यूब काढून ऐटीत पुढे केली. त्यानं ती हातात घेतली, व्हॉल्व्ह रिमजवळ धरला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह चाळीस मिलिमीटरचा. तो रिमच्या आतच बुडणार होता, पंप लावायला बाहेर टोकच उरणार नव्हतं. मग मी ठिगळाची डबी काढली. सोल्यूशनची नळी कधीची वाळून कडक झाली होती. वर्षानुवर्षं "सगळं ठीक?" विचारत फिरणारी मी, आणि उत्तर "नाही" आलं तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"तुम्ही जा, मॅडम," तो म्हणाला. "तुमची राइड खराब होईल."

"झाली ती केव्हाच," मी म्हटलं. "दे तुझी ट्यूब इकडे."

काकांनी एकदा बोलता बोलता सांगितलेली युक्ती होती, करून कधी पाहिली नव्हती. भोक सापडलं तिथं ट्यूब कापायची आणि दोन्ही टोकं घेऊन गाठ मारायची, जीव खाऊन ओढायची. ट्यूब आखूड होते, रिमवर चढता चढत नाही. त्यानं एका बाजूनं ताणून धरली, मी दुसऱ्या बाजूनं टायर बोटांनी आत ढकलत गेले. अंगठ्यांची सालं निघाली. पंप करताना दोघंही गाठीकडे असे बघत होतो जणू ती बोलणार आहे. अर्ध्याअधिक हवेवर तिनं दम धरला. पुढे जास्त भरायचं धाडस झालं नाही.

"हळू जा," मी म्हटलं, "आणि गाठ फुटली तर..." पुढे काय म्हणायचं ते मला सुचेना. त्याच्या मागोमाग जाण्याखेरीज दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तसं केलं.

गाठ होती तिथं टायर फुगलेलं होतं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थड, थड आवाज येत होता आणि त्याचं हँडल दर वेळी किंचित उडत होतं. आम्ही ताशी बारा-पंधराच्या वेगानं चाललो होतो. मागून दोघं-तिघं आले, भर्रकन पुढे गेले. एकानं जाता जाता विचारलं, "सगळं ठीक?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला. मुलगा हसला असावा, मला त्याची पाठच दिसत होती.

मग त्या थडथडणाऱ्या हँडलवरचा एक हात त्यानं सोडला, कंबरेमागं नेला आणि बोट खाली केलं. पुढे खड्डा होता. मी चाक बाजूला घेतलं.